खाली पाहून चालणाऱ्या बाई

जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांनो, आयाबायांनो, आणि एवढ्या लांबून आलेले बाईंचे भाऊ, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मला असं उभं राहून बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. अकरावीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं मोठं काही लिहिलं नव्हतं. काल लिहिलं, आज सकाळी पुन्हा नीट उतरवलं. कुठं अडखळलो तर थोडं थांबा.

आपल्या डॉक्टर नलिनीबाई गेल्या. ताप अंगावर काढला, मग नागपूरला नेलं, आणि त्या तिथंच गेल्या. आपल्यापैकी कुणालाच त्यांचं तोंड पाहता आलं नाही. मलाही नाही. म्हणून मला अजून असं वाटतं की बाई तलावाच्या पाळीवर उभ्या आहेत, पाठीवर पिशवी आहे, आणि मलाच यायला उशीर झाला आहे.

बाई इथं काय करत होत्या, हे त्यांच्या भावांनी मला काल विचारलं. बहीण वाघांवर संशोधन करते एवढंच त्यांना ठाऊक होतं. आपल्या गावाला त्याहून थोडं जास्त ठाऊक आहे. आपण त्यांना गूवाली बाई म्हणायचो. आज हे बोलणं शोभत नाही, पण बाईंना ते नाव माहीत होतं, म्हणून बोलतो. एकदा चक्कीवर लक्ष्मीबाईंनी तोंडावरच विचारलं होतं, "काऊन वो बाई, एवढं शिकून तुमाले वाघाचं गूच भेटलं का?"

बाई म्हणाल्या, "वाघ स्वतः काही सांगत नाही, लक्ष्मीबाई. तो मागं जे टाकून जातो, त्यालाच विचारावं लागतं."

"मंग आमच्या बुढ्याचंबी तपासा. तोबी काई सांगत नाई."

सगळी चक्की हसली. बाई सगळ्यांत जास्त हसल्या. लक्ष्मीबाई, तुम्ही आता डोळे पुसता आहात, पण हे तुम्हीच बोलला होता.

भाऊसाहेब, काम असं होतं. वाघाच्या विष्ठेवर त्याच्या आतड्याचा अगदी बारीक अंश लागून येतो. तो औषधाच्या नळीत भरायचा, नळीवर जागा आणि तारीख लिहायची, आणि प्रयोगशाळेत पाठवायची. तिथून कळतं की हा कोणता वाघ, त्याची आई कोण, तो इथलाच की वैनगंगेच्या पलीकडून, गडचिरोलीच्या जंगलातून आला. बाईंनी मला ठेवलं ते माझ्या अक्षरासाठी. म्हणाल्या, "नळीवरचं नाव चुकलं तर वाघच चुकतो." मला तशीही चुकण्याची फार भीती वाटते. मी प्रत्येक नळी पुन्हा पुन्हा वाचायचो. बाई कधी वैतागल्या नाहीत. त्या थांबायच्या.

पण अक्षर हे माझं अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं काम होतं वर पाहण्याचं.

जो माणूस विष्ठा शोधतो, तो खाली पाहून चालतो. पानं, धूळ, दगड, एवढंच त्याला दिसतं. समोर झुडपात काय आहे, ते त्याला दिसत नाही. म्हणून बाईंचा नियम होता. एकानं खाली पाहायचं, एकानं वर. "मी खाली पाहते. तू वर पाहा. मला हाक मारू नकोस, नुसता खांद्याला हात लाव." आणि एकट्यानं कधीच आत शिरायचं नाही. बाई खाली पाहून चालायच्या आणि त्यांचा जीव माझ्या डोळ्यांत असायचा. माझ्यासारख्या घाबरट माणसाच्या डोळ्यांत. एवढा विश्वास माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता.

आता ते बोलतो, जे बोलायचं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. म्हणून सकाळी मी शामरावभाऊंच्या घरी गेलो आणि विचारलं. भाऊ म्हणाले, "सांगून टाक. लपवाचं काय हाये त्याच्यात?"

मागच्याच्या मागच्या वर्षी, मोहफुलांच्या दिवसांत, शामरावभाऊंच्या घरच्या सुगंधाबाईंना वाघानं नेलं. सकाळची वेळ होती. टोपली अर्धी भरली होती. तलावाकडं पिल्लांची वाघीण फिरत होती, ती आपल्या सगळ्यांना माहीत होती. आपण सगळे म्हणालो, हीच. मीही म्हणालो. पिंजरा लागला, वाघीण धरली गेली, दूर नेली. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला.

सुगंधाबाईंच्या लुगड्यावर वाघाची लाळ होती. बाईंनी ती तपासायला पाठवली होती. उत्तर आलं, आणि बाईंनी याच शाळेच्या पडवीत, इथंच उभं राहून ते सांगितलं. ती वाघीण नव्हती. तो नर होता, तरुण, नदीपलीकडून आलेला. आपल्या जागेच्या शोधात निघालेला. तो अजून मोकळाच होता.

शामरावभाऊ उठले आणि म्हणाले, "माही बायको गेली बाई, अन् तुमी वाघिणीची वकिली करून राह्यल्या?"

बाई म्हणाल्या, "भाऊ, मी वकिली करत नाही. तो पुन्हा येईल, एवढंच सांगते."

कोण ऐकणार होतं? ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला असं काही ऐकवतं का? बाई चुकल्या असं मी म्हणत नाही. शामरावभाऊ चुकले असंही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बाईंचं दूध बंद झालं. चक्कीवर बाई आल्या की गप्पा थांबायच्या. त्यांच्या ओट्यावर दोन खुर्च्या असायच्या, एक त्यांची आणि एक येणाऱ्याची. संध्याकाळी त्या तिथं बसायच्या आणि दुसरी खुर्ची रिकामी असायची. मी बसायचो नाही, कारण मी त्यांच्याकडं कामाला होतो. आज वाटतं, बसायला हवं होतं. आज इथं खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्या दोन्ही आणल्या आहेत. पाहा, पहिल्या रांगेत. एवढी माणसं उभी आहेत, पण त्यांवर अजून कुणी बसलेलं नाही.

भाऊसाहेब, आमच्याकडं एक रीत आहे. वाघानं जिथं माणूस नेला, तिथून जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो. सुगंधाबाईंच्या जागेवरही ढीग आहे. बाई तिथं दगड ठेवायच्या. आपण वाटेतला कुठलाही उचलतो. बाई मात्र नदीचा गुळगुळीत गोटा पिशवीत घेऊन यायच्या, म्हणून तो ओळखू यायचा. शामरावभाऊ तो उचलून झुडपात फेकायचे. पुढच्या खेपेला बाई दुसरा ठेवायच्या. भाऊ तोही फेकायचे. एकदा मी म्हणालो, "बाई, राहू द्या ना, कशाला?" त्या म्हणाल्या, "त्यांनी फेकायचा, मी ठेवायचा. निदान एवढं तरी आमचं बोलणं चालू आहे."

यंदा थंडी सरता सरता आम्ही तिथं गेलो, तेव्हा आधीचा गोटा ढिगावर तसाच होता. बाई उभ्या राहिल्या. पिशवीतला नवा गोटा त्यांनी हातात घेतला, पुन्हा आत ठेवला आणि पुढं चालू लागल्या. पण त्या दिवशी त्या पहिल्यांदा वर पाहून चालत होत्या. मला सांगावं लागलं, "बाई, खाली."

त्यानंतर आठवडाभरात ताप आला.

आता शेवटचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

बाईंचं काम पुरं झालेलं नाही. नदीकाठची पट्टी राहिली आहे. पलीकडचे वाघ नेमके कुठून उतरतात आणि कोणत्या नाल्यानं आत येतात, हे त्या पट्टीवरून कळणार होतं. बाई म्हणायच्या, "मोह गळायच्या आत हे समजलं, तर बायकांना सांगता येईल की या वाटेला पहाटे जाऊ नका." प्रयोगशाळेतल्या लोकांशी मी बोललो आहे. ते म्हणाले, नमुने पाठवा, आम्ही तपासतो. परवानगीचा कागद अजून चालू आहे. नळ्या आहेत. लेबलं मी लिहून ठेवली आहेत. मोहाला कळ्या धरल्या आहेत, हे तुम्ही माझ्याआधी पाहिलं असेल.

मला विष्ठा ओळखता येते. मी खाली पाहू शकतो. पण खाली आणि वर दोन्हीकडं एकट्याला पाहता येत नाही. परवा मी पट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो होतो. आत शिरलो नाही. बाईंचा नियम आहे. खांद्यावर हात ठेवायला कुणी नव्हतं. मी परत आलो.

मी कुणाचं नाव घेत नाही. कुणाला बांधून घेत नाही. उद्या ऊन वर आलं की मी तलावाच्या पाळीवर उभा राहीन. परवाही राहीन.

आता आपण शांत उभं राहू. पण एक विनंती आहे. बाई जंगलात शिरण्याआधी वाटेच्या तोंडाशी थोडा वेळ गप्प उभ्या राहायच्या. कोणता पक्षी ओरडतो, कुठलं वानर खोकतं, ते ऐकायच्या आणि मगच पाऊल टाकायच्या. आपणही तसंच उभं राहू. डोळे मिटू नका. मान खाली घालू नका. आयुष्यभर खाली पाहून चाललेल्या बाईंसाठी, थोडा वेळ आपण सगळे वर पाहू.

उभे राहा.