बॉयलरची काच

तुम्ही म्हणता ना, आता बायकांना कामात कोण अडवतंय? मग हे ऐका. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात हंगामाआधी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता आणि मी बातमीसाठी गेलो होतो. पूजेला जोडपं बसलं होतं, भटजी मुहूर्ताची घाई करत होते. तेवढ्यात बॉयलरची इंजिनियर रूथ पुढे आली आणि संचालकांना म्हणाली, "पूजा करा, पण पेटवू नका. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेला तडा गेलाय. वाफ चढली की फुटेल."

संचालक म्हणाले, "ताई, शुभकार्यात असं अभद्र बोलू नये. भिऊ नका, इतकी गडीमाणसं हायेत की इथं. तुमी आपलं आरतीचं ताट धरा."

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

बॉयलर पेटला. संध्याकाळी वाफ चढली आणि काच फुटली. समोर उभ्या असलेल्या, भट्टी सांभाळणाऱ्या फायरमनचे दोन्ही डोळे गेले.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांना गाठलं. "बाईंनी माझ्यादेखत तुम्हाला बजावलं होतं."

"सांगितलं हुतं की. पन बाईमानूस, आमाला वाटलं भ्याली आसंल."

"मग आता जबाबदार कोण?"

"नोटीस काढलीय तिला."

"तिला?"

"मग कुनाला?" संचालक माझ्यावरच डाफरले. "बॉयलरची इंजिनियर तीच हाय ना!"