जमना बाजारात येत नाही

बोईसरच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोन मासळीवाल्या येऊन बसल्या.

"जमने, म्हयनाभर बाजारात दिसली नाय गो?"

"बीपी वाढलं, नर्मदे. डाक्टर बोलला, भांडू नको, घरी आराम कर."

"मग उतरलं?"

"नाय गो, आणखीन चढलं. दिसभर गप बसवत नाय. आन तू कशाला आलीस?"

"माजंबी वाढलंय. तू नाय, तर मी भांडू कुणाशी? बाकीच्या लगेच रडाय लागतात."

"उद्या येते मी. पण झाडाखालची जागा माजी हाय."

"वा गो! म्हयनाभर मी बसते तिथं."

"टोपली फेकीन तुजी!"

"फेकून तर बघ!"

नर्स धावत आली. "आवाज कमी करा! जमना कोण?"

"थांब गो बाय. आताशी कुठं उतराय लागलंय."