बिबेखिंडीत काडी मागणारा

ऐका बाळांनो, जवळ सरका. धरणाचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. सुरुंगाची दारू आधी बैलगाडीतून यायची, दिवसाउजेडी. गाडीवान त्या दिवशी विडीला हातसुद्धा लावत नसे. मग ठेकेदारानं मोटार आणली आणि सगळ्यांची अक्कल गेली!

एकदा दिवस मावळल्यावर निघाली मोटार. चालवायला कादर, शेजारी रंगराव मुकादम. पाठीमागं दारूची खोकी, पुढं कार्बाइडचे दिवे. म्हणजे उघडी ज्योत बरं का! आणि मुकादमाच्या तोंडात विडी. काय म्हणावं या माणसाला?

"मुकादम, ती विझवा. मागं खोकं फुटलंय, दारू सांडलीय."

"तू चाक फिरव. मला शिकवू नकोस."

पण बिबेखिंडीत वाऱ्यानं विडी विझली. तोच कडेला एक माणूस. "दादा, काडी द्या."

आपल्याकडं विस्तव मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. कादर म्हणाला, "नाही!" आणि मोटार दामटली.

पुढचं वळण. तोच माणूस! "दादा, काडी."

आणखी एक वळण. आता तो टपावर बसलेला, पाय काचेसमोर लोंबकळताहेत. फुंकर आली. दोन्ही दिवे गेले! मोटार थांबली.

"पेटव दिवे," मुकादम ओरडला. कादर हलेना. मग मुकादमानंच काडी ओढली. शहाणा!

उजेडात दिसलं, खिडकीत तोंड. अर्धं तोंड, अर्धा कोळसा. ते हसत होतं. "गेल्या साली मीही दारूची मोटार चालवत होतो. माझ्याही शेजारी असाच एक मुकादम होता."

कादरनं जळती काडी मुठीत धरली. चर्र झालं, पण सोडली नाही. दुसऱ्या हातानं मुकादमाला ओढलं आणि दोघं उतारानं पळाले.

"मुकादम, काडेपेटी?"

"सीटवर राहिली रे."

भुताजवळ स्वतःचा विस्तव नसतो, बाळांनो. मागं खर्रकन आवाज आला. एकदाच. कादरनं मुकादमाला खडकाआड ढकललं आणि खिंड दिवसासारखी उजळली. मोटारीचा पत्रासुद्धा सापडला नाही.

जीव वाचला त्यांचा. दुसऱ्या दिवशी मुकादम चावडीवर सांगत होता, "मी भुताला काडी ओढून पळवलं!" कादर भाजलेल्या मुठीला तेल लावत होता. आणि ठेकेदार? त्यानं नवी मोटार आणली. मुकादम तोच.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर बिबेखिंडीतनं जाऊ नका. भूत बिचारं नुसतं काडी मागतं. देणारा दरवेळी तिथं मोटारीत बसून येतो.