दोघांत एक टीव्ही

नाही, नाही, हा हेडफोन आधी काढा डोक्यावरून — काढा म्हणतो ना. शिकंजा आहे का काय हा? पत्र्याचे डबे ठोकायच्या कारखान्यात जन्म गेला माझा, पण तिथल्या यंत्रानंसुद्धा असं डोकं आवळलं नाही कधी. आणि कानावर हे दिवे कशाला? निळे, जांभळे — मी टीव्ही बघायला बसणार आहे की सर्कशीत कामाला लागणार आहे? ...खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी आहे? मग पोरांना दाखवा. मी आल्या आल्या सांगितलं होतं — घरी बसून टीव्ही ऐकायचाय, वायर नको, खिशाला झेपेल असा. तोंड इकडे करून बोला हो, तिकडे बघून बोललात की मला नुसते ओठ दिसतात. हां, असं.

हा काय करतो? बाहेरचे आवाज बंद करतो! वा. ते काम कारखान्यानं फुकटात करून दिलंय मला. पुढचा. — हा हलका आहे, बरा आहे. पण आमचा टीव्ही जुना, त्याला बिनवायरीचं काही कळत नाही. मागे एक डबी लावावी लागेल? लावू. आणि मग ओठ आधी हलणार, शब्द मागून येणार. शेजाऱ्यांकडे बघितलंय मी — माणूस मरून पडतो आणि मग ओरडतो. ह्यात तसं होत नाही? सगळे दुकानदार असंच म्हणतात.

तुम्हाला वाटेल म्हातारा उगाच खोड्या काढतोय. काढतोयच. सूनबाईनं पाठवलं म्हणून आलो, नाहीतर ह्या असल्या कानटोपीला कोण विचारतो? आमच्या टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत जातो. ती बिचारी दिवसभर दवाखान्याच्या खिडकीवर लोकांची कटकट ऐकून येते, घरी आल्यावर पुन्हा हा गलका — डोकं उठणारच तिचं. पोर गुणी आहे. सासूला तर इतकी जपते, की सुरीला हात लावू देत नाही, खुर्चीतून उठू देत नाही. आई, तुम्ही नुसत्या बसा. पण तिला वाटतं, बाबांच्या कानात यंत्र घातलं की झालं. झालं काय? मी काय एकटा बघतो टीव्ही? आमची ही असते ना शेजारी. हिला काचबिंदू झाला, दृष्टी गेली. मला धड ऐकू येत नाही, हिला दिसत नाही. ...मग बघतो कसा? वाटून घेतो! मी दिसेल ते सांगतो, ती ऐकलेलं सांगते — डाव्या कानाशी येऊन, तो जरा बरा आहे माझा. मी म्हणतो, थोरली जाऊ आली, हिरवे कपडे, तोंड फुगलंय. ती म्हणते, फुगेल नाहीतर काय, धाकटीनं कसं सुनावलं बघा तिला. भिकार मालिका आहे हो, दोन जावा आणि एक जिना, दुसरं काही नाही. पण डोळे गेल्यावर ही भिंतीकडे तोंड करून पडून असायची, जेव म्हटलं की जेवायची, बस. त्या भिकार मालिकेनं बोलती केली तिला.

द्या, चढवा तो. तुमच्या त्या मोठ्या टीव्हीवर तेच लागलंय आमचं, कालचाच भाग — दुपारी पुन्हा दाखवतात. वाढवा आवाज.

येतंय. ओरडू नका, येतंय म्हटलं ना. शब्द न् शब्द येतोय.

अहो, पण ही धाकटी हे काय बोलतेय? ‘माझं चुकलं ताई, मला माफ करा’ — एवढंच? काल आमच्या हिनं मला सांगितलं, धाकटी ताठ उभी राहून म्हणाली, मला कोपऱ्यात बसवून ठेवू नका, काहीतरी काम द्या, माझे हात अजून शाबूत आहेत. मी म्हटलं, अगं पण डोळ्याला रुमाल लावलाय तिनं. तर म्हणाली, रागानंही येतं पाणी.

...संपलं? पुढे काहीच नाही? जाहिरात लागली?

मग हातांचं कोण बोललं?

काढा. काढा हा. — बिघडलेला नाही हो, उत्तम आहे. तुमच्या दुकानातला हाच एक धड आहे. पण मी हा घातला तर ती मला सांगणार काय? पुन्हा भिंतीकडे तोंड. आणि ऐकायचं काय, तर ‘माफ करा ताई’! असलं लिहिणाऱ्यांना पगार देतात?

थांबा, खोक्यात घालू नका. हा बाईच्या डोक्याला बसेल का? मागे अंबाडा असतो. आणि एक कान असा मागे सरकवता येतो? — म्हणजे मी काय दिसतं ते सांगेन, ते ऐकायला एक बाजू मोकळी पाहिजे. येतो? मग झालं. घर शांत, सूनबाई खूश. ...कोण बहिरा? मीच बहिरा. हेडफोन तिला. त्यात न समजण्यासारखं काय आहे? टीव्हीचं दुकान घालून बसलात आणि टीव्ही कसा बघतात ते मी सांगू?

बांधा तो, डबीही सोबत घाला. आणि जरा हात उचला, मला वाटेत मटार घ्यायचेत. — नाही, सोललेले नाही. शेंगांचे, चांगल्या दोन पिशव्या. ...मिळतात सोललेले, माहितेय मला. तुम्हाला काय करायचंय? बांधा.