घोड्यांची वैरण

लढायांच्या जाडजूड पुस्तकांत मला एवढी काय गोडी, असं तुम्ही नेहमी विचारता ना, तर ऐका. बहात्तरच्या दुष्काळात मी मिरजगावला मास्तर होतो. गावात नवा, एका खोलीत एकटा. नगरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक तेवढं सोबतीला होतं. फ्रेंचांची फौज रशियावर चालून गेली, त्याची दिवसादिवसाची हकिकत.

एका संध्याकाळी घरमालक भानुदासबाबा दारात येऊन टेकले. त्यांची मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली.

"मास्तर, काय लिवलंय येवढं?"

मी सांगितलं, हजारो घोडी निघाली आणि वाटेत चारा संपला.

"मग घोड्यास्नी घातलं काय?"

मी पान शोधलं. "घरांच्या छपरांवरचं गवत उपसून घातलं."

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "आमीबी परवा छप्पर उसकटूनच बैलास्नी घातलं."

त्यानंतर ते रोज येऊ लागले. मी वाचून मराठीत सांगायचो, ते बारीकसारीक विचारायचे. दीड महिन्यात पुस्तक संपलं. आता हे कशाला येतील, या विचाराने मी शेवटचं पान पुन्हा चाळत राहिलो. बाबा उठले आणि उंबऱ्यात थांबले.

"येक बोलू का, मास्तर? घोड्यांनी काय खाल्लं हितवर जो वाचत बसतो, त्येला घरी बोलाया कुनी नसतंय."

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"मी त्येच ऐकाया रोज येत हुतो न्हवं?"