सत्तावन्न खुर्च्या भिंतीकडे, एक फाटकाकडे

नाव: कागदावरचं वर लिहून घेतलंय, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघत नाही. सगळे भिंगरी म्हणतात. वय: एकोणीस पूर्ण. धंदा: झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या दुकानात नोकरी. शिक्षण: बारावी, एक विषय सोडून. राहणार: चौकाजवळ, शिंप्याच्या दुकानावरची खोली, आई आणि मामासोबत.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही. दुकानासमोरच्या चार मजली सोसायटीच्या वॉचमनकाकांना आज सकाळी इथे आणून बाहेरच्या बाकावर बसवलंय असं कळलं, म्हणून आले. सोसायटीच्या सेक्रेटरींची तक्रार आहे की काकांनी खोटी नोटीस लावून लोकांना फसवलं. ती नोटीस मी केली.

'नववा भोंगा' या सिनेमाचे तीन भाग आलेत, चौथा येत्या शुक्रवारी येतोय. साहेबांनी एकही पाहिला नाही म्हणून थोडक्यात सांगते. एक शहर असतं. तिथलं नियंत्रण कक्ष नावाचं ऑफिस दारोदार नोटिसा लावतं आणि लोक निमूट ऐकतात. नववा भोंगा झाला की सगळ्यांनी खुर्ची घेऊन खाली यायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. एक सोळा वर्षांची मुलगी आपली खुर्ची फिरवते. तिथून सगळं सुरू होतं. मी पहिला भाग अकरा वेळा पाहिलाय. आई म्हणते, एवढ्या वेळा पुस्तक उघडलं असतं तर तो एक विषयही सुटला असता.

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. थिएटरवाल्यांनी स्पर्धा ठेवली होती, की सिनेमातला एक प्रसंग हुबेहूब करून व्हिडिओ पाठवा, जिंकेल त्याला चौथा भाग सगळ्यांच्या आदल्या दिवशी बघायला मिळेल. खुर्च्यांचा प्रसंग करायचा तर माणसं पन्नास तरी हवीत. मामाला विचारलं. मामा म्हणाला, रविवारी मला माझ्या खुर्चीतून उठवायला कोणी यायचं नाही.

म्हणून नोटीस केली. मजकूर असा: 'नियंत्रण कक्षाची सूचना. रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येक घरातून खुर्चीसह खाली यावे. मागच्या भिंतीकडे तोंड करून वीस मिनिटे बसावे. बोलू नये. कारण विचारू नये.' खाली बारीक अक्षरात 'भोंगा क्र. ९' आणि सिनेमातलं कर्ण्याचं चिन्ह टाकलं, म्हणजे ज्याने पाहिलाय त्याला लगेच कळावं. मग ती लॅमिनेट केली. माझी चूक तिथे झाली. दुकानात दोन वर्षं काढल्यावर एवढं कळलंय की साध्या कागदाशी लोक भांडतात, लॅमिनेट केलेल्या कागदाशी कोणी भांडत नाही.

सोसायटीच्या नोटिसा आमच्याच दुकानात होतात आणि मीच नेऊन लावते. काका काचेच्या फळ्याची किल्ली देतात, मी लावते, किल्ली परत देते. शनिवारी तसंच झालं. काकांनी विचारलं, काय आहे गं? मी म्हणाले, नेहमीचंच. एवढं एकच खोटं मी बोलले.

माझा अंदाज होता की दहाबारा जण येतील, हसतील, मग त्यांनाच शूटिंगसाठी पटवू. रविवारी पावणेदहालाच खुर्च्या खाली उतरायला लागल्या. प्लॅस्टिकची चालेल का, असं तळमजल्यावरच्या बाई विचारत होत्या. भाडेकरूंनी यायचं का, असं एकाने विचारलं. एक जण म्हणाला, आईचे गुडघे दुखतात, तिच्या जागी मी बसलो तर तसं लेखी मिळेल का. सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते, वरून आलंय. वरून म्हणजे कुठून, हे कोणी विचारलं नाही. त्यांनी हजेरीही घेतली. हजेरीचं मी लिहिलेलं नव्हतं. सत्तावन्न सह्या झाल्या.

(इथे साहेब पाणी प्यायला उठले.)

आमचे चौघं त्यांच्यात सह्या करून बसले. त्यातली बेकरीवाल्याची मुलगी खुर्ची फिरवणार असं ठरलं होतं. मी जिन्यातून शूटिंग करत होते. ती वळलीच नाही. नंतर म्हणाली, सगळे बसलेत, मी एकटीच कशी वळू. तिच्या टीशर्टवर त्याच सिनेमातल्या मुलीचं चित्र होतं, हे लिहिलं नाही तरी चालेल. मी वरून हाक मारू शकले असते. मारली नाही, कारण नोटिशीत बोलू नये असं होतं. ते मीच लिहिलं होतं.

सव्वादहाला काका फाटक लावून आले आणि त्यांनी आपली खुर्ची फाटकाकडे तोंड करून ठेवली. सेक्रेटरी मान न वळवता म्हणाले, "काका, भिंतीकडे."

काका म्हणाले, "साहेब, भिंत कुठे पळून जात नाही. फाटकाकडे कोणी बघायचं?"

आणि शेवटपर्यंत तसेच बसले.

सोमवारी सेक्रेटरींनी काकांना मेमो दिला, की तुम्ही नोटिशीचं पालन केलं नाही. त्याच्या दोन प्रती मीच काढून दिल्या. काल सेक्रेटरींच्या नातवाने त्यांना सांगितलं की आजोबा, हे सिनेमातलं आहे. आज ही तक्रार. माझं म्हणणं एवढंच, की नोटीस खरी असेल तर तक्रार खोटी, आणि नोटीस खोटी असेल तर मेमो खोटा. साहेबांनी दोन्हीतलं एक ठरवावं. काका जिन्याखालच्या खोलीत राहतात, नोकरी गेली की खोली गेली. येताना बघितलं, काकूंनी भांडी बांधून ठेवलीत.

आणखी सांगते की, माझ्या फोनमधल्या व्हिडिओत सगळ्यांच्या पाठी आहेत आणि चेहरा फक्त काकांचा आहे. पण आमचा दुसरा एक फोन भिंतीवर, कुंडीच्या मागे ठेवलेला होता. त्यात सत्तावन्न चेहरे समोरून आहेत, सेक्रेटरी पहिल्या रांगेत, डोळे मिटून. काकांवरची तक्रार आणि मेमो कायम राहिले तर तो व्हिडिओ मी कोर्टातही दाखवीन आणि स्पर्धेलाही पाठवीन. दोन्ही मागे घेतले तर तो फोन जुना आहे, केव्हाही बंद पडतो.

साहेबांनी तो व्हिडिओ मागितला आणि पूर्ण पाहिला. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथ्या खुर्चीवर कोण आहे ते लिहायचं नाही असं साहेब म्हणाले, म्हणून मी ते सांगितलेलं नाही. मग त्यांनी सेक्रेटरींना फोन लावून इथे बोलावलं, येताना हजेरीचा कागद आणा म्हणाले. काकांना बाकावरून आत घेतलं आणि उठून स्वतःची खुर्ची दिली. काकांनी ती आधी दाराकडे वळवली, मग बसले.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना साहेब दोनदा हसले तेवढं यात आलेलं नाही, बाकी मी बोलले तसंच आहे. सही करते.