मान वर!

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालणाऱ्या सिस्टरच्या कानावर बाकावरचं बोलणं पडत होतं.

“बाई, ओळखलंत? दुसरीत तुमच्या पीटीच्या तासाला हॉकी खेळायचे मी.”

“चेहरा धूसर दिसतो गं. चेंडूकडे बघत पळायचीस की मान वर करून?”

“चेंडूकडेच! म्हणून तर तुम्ही ‘मान वर!’ म्हणत बोटं दाखवायचात.”

“मग काय! खाली बघून पळालात की धडकलात एकमेकींवर. स्टिकपासून चेंडू सुटू द्यायचा नाही आणि बोटं किती ते ओरडून सांगायचं.”

“आकडा चुकला की बेडूकउड्या.”

“सारखी बेडूक व्हायचीस, तीच ना तू?”

“तीच! आता वेळ कसा जातो, बाई?”

“शाळा घरासमोरच आहे. पीटीच्या तासाला खिडकीत बसते. कधी कधी बोटंही वर धरते, वेड्यासारखी.”

“कुणी आकडा ओरडतं?”

“रस्त्यापलीकडून कुणाला दिसणार गं?”

सिस्टरने बाईंना हात धरून आत नेलं. दार उघडंच राहिलं. डॉक्टरांनी हात वर केला.

“आजी, किती बोटं?”

बाई डोळे ताणून बघत राहिल्या.

“तीन!” बाकावरून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं.

“बरोबर,” बाई म्हणाल्या.